कुडाच्या घरातलं जर्मन टेबल

उद्या जर्मनी हा देश नकाशावरून पुसला गेला असता, तर तो पुन्हा होता तसा उभा करायला लागणारी सगळी माहिती दारव्ह्यात, आमच्या शाळेच्या घंटेखाली एका स्टुलावर बसलेली सापडली असती. तिथली गाय दिवसाला किती दूध देते, बर्फ पडला की घरापुढची वाट कोणी आणि किती वाजता साफ करायची, तिथला सुतार रंधा कसा धरतो, बटाटा सालीसकटच का उकडायचा, हे सगळं आमच्या शाळेच्या शिपायाला तोंडपाठ होतं. आमच्या भूगोलाच्या गुरुजींनी तर त्यांच्या धाकाने तो धडाच सोडून दिला होता. एकदा ते वर्गात जर्मनीतल्या नद्या सांगत असताना दारातून आवाज आला, "नद्या बराबर हाय गुरुजी, पन पानी लय थंडं हाय, थे सांगतलं नाई तुमी." गुरुजींनी आयुष्यात माहूरपलीकडचं काही पाहिलं नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि मुलांना गणितं घातली.

सगळी शाळा त्यांना 'जर्मन' म्हणायची. मुख्याध्यापकांपासून सातवीच्या पोरांपर्यंत जो तो त्यांना अरे-तुरे करी. मी वयाने त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण नवीनच मास्तर झालेलो, तेव्हा मीही करत असे. आज 'ते' असं लिहितो आहे. हे शहाणपण उशिराचं आहे, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावं.

महायुद्धाच्या वेळी ते पायोनियर कंपनीत भरती झाले होते. पायोनियर म्हणजे बंदूक कमी आणि फावडं जास्त. आफ्रिकेच्या वाळवंटात खंदक खणता खणता पकडले गेले, इटलीतून जर्मनीत नेले गेले आणि एका खेड्यात शेतावर कैदी म्हणून दीड-दोन वर्षं राबले. माणसं कैदेतून सुटली की कैद करणाऱ्याला शिव्या घालतात. हे गृहस्थ त्याचे भाट होऊन परत आले. सोबत एक मनगटी घड्याळ, चार-दोन जर्मन शब्द आणि उकडलेल्या बटाट्याची अनावर ओढ, एवढी मिळकत घेऊन ते दारव्ह्याला उतरले आणि शाळेत चिकटले.

घंटा हा त्यांचा धर्म होता. सकाळी दहाच्या घंटेला ते पाच मिनिटं आधी उभे राहत, डाव्या मनगटावर नजर, उजव्या हातात लाकडी हातोडा. काटा जागेवर आला की हात खाली. मग समोर वाघ आला तरी फिकीर नाही. एकदा जिल्ह्याचे इन्स्पेक्टर आले होते. शाळा सुटायच्या वेळेला त्यांचं भाषण ऐन रंगात आलं, "आणि म्हणून विद्यार्थीमित्रांनो, शिस्त म्हणजे," इथवर ते पोचले आणि पाचाचे टोल पडले. मुलं उठली, दप्तरं गेली, मिनिटभरात साहेबांपुढे रिकामी बाकं आणि आम्ही सात मास्तर. मुख्याध्यापक लालबुंद होऊन बाहेर धावले. "अरे गाढवा, साहेब बोलत होते ना?"

"बोलत होते नं जी," हे शांतपणे म्हणाले, "पन घड्याळ चूप नोतं बसलं. शिस्तीचंच सांगून राह्यलते थे."

रविवारी शाळा नसली की त्यांच्या शिस्तीला खाज सुटे. मग ते स्टेशनवर जात. आमची छोटी गाडी म्हणजे घरच्या बैलासारखी, मनाला आलं तर चालणार. वाटेत ड्रायव्हर ओळखीच्या माणसाशी बोलायला थांबला, तर उतारूही उतरून बोलणं ऐकत. हे फलाटावर ताठ उभे राहत. गाडी आली की ड्रायव्हरला सॅल्यूट ठोकून एवढंच सांगत, "बावीस मिन्टं." पुढल्या रविवारी "पस्तीस मिन्टं." बिचाऱ्याने एकदा हाय खाऊन गाडी चार मिनिटं आधीच आणली. तर त्याच्यावरही तोच सॅल्यूट आणि तीच नाराजी. "लवकर येनं बी उशीरच हाय, भाऊ," ते म्हणाले. ड्रायव्हरने हात टेकले.

घरी त्यांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, सरपणाचा ढीग सुतळी लावून सरळ रचला होता. काडी ओढायची तर वरची ओढायची, मधली नाही. शेजारणीने एकदा मधली ओढली, तर तिला अर्धा तास ढीग कसा रचतात याचं शिक्षण मिळालं. परसात त्यांनी बटाटे लावले होते. आमच्या काळ्या कापसाच्या रानात, वैशाखात विहिरीचं पाणी तळाला जाणाऱ्या गावात, बटाटे! ते आले बोराएवढे. त्यांनी ते सालीसकट उकडले, मीठ लावून प्रत्येकाला दोन-दोन वाटले. त्यांच्या बायकोला मी विचारलं, कसे लागले? ती माउली तोंडाला पदर लावून म्हणाली, "काय सांगू गुरुजी, मानूस सात समुद्रापार गेलतं, आन आलू उकडनं शिकून आलं. थे तं मले हितंच येत होतं." बाजाराच्या दिवशी भांडीवाल्याशी त्यांचं भांडण ठरलेलं. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला 'जर्मन' म्हणतात आणि पातेल्याला 'गंज'. भांडीवाला ओरडे, "घ्या जर्मनचा गंज!" की हे पुढे होऊन त्याला सांगत, असलं पोचट भांडं त्या देशात कुत्र्यालाही कोणी ठेवत नाही.

त्यांची आणखी एक सवय सांगायची राहिली, आणि ती सांगताना आज माझा हात जड होतो. मुख्याध्यापकांचा निरोप घेऊन ते कधीकधी आमच्या घरी येत. माझी आई त्यांना चहा देई. त्यांच्यासाठी ओसरीच्या बाहेरच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप ठेवलेला होता. ते पायरीवर बसत, खिशातून रुमाल काढून त्याच्या चार घड्या घालत, त्या रुमालात कप धरून सावकाश चहा पीत. मग कप स्वतः विसळत, झटकत आणि कोनाड्यात पालथा ठेवत, दर वेळी अगदी त्याच जागी. मी हे शाळेत सगळ्यांना कौतुकाने सांगत असे. "काय टापटीप! काय तो रुमाल! शेवटी जर्मन तो जर्मनच!" सगळे हसत. मीही हसे. कप त्यांनाच का विसळावा लागतो, हे कोणी विचारलं नाही. मला तर ते दिसलंच नाही.

छप्पन सालच्या दसऱ्याला ते बायकोला घेऊन नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. परत आल्यावर घरातले देव ओढ्यात सोडले, आणि दुसऱ्या दिवशी दहाला घंटा दिली. त्यानंतर त्यांनी पहिलं काम काढलं ते टेबलाचं. जेवणाचं टेबल, सहा माणसांचं, सागाचं. त्या काळी जेवणाचं टेबल दारव्ह्यात डाकबंगल्यात असेल तर असेल. वस्तीतल्या सुताराने ते अंगणात बसून महिनाभर घडवलं. हे रोज शाळेतून गेल्यावर त्याच्या डोक्यावर उभे. पाय किती, फळी किती, कोपरे गोल की चौकोनी, सगळं सूत धरून. टेबल झालं, देखणं झालं, सगळी वस्ती पाहायला जमली. आणि मग लक्षात आलं की ते दारातून आत जात नाही. आडवं जाईना, उभं जाईना, तिरकं जाईना. साऱ्या जगाचं मिनिट मोजणाऱ्या या माणसाने आपल्या घराचं दार मोजलं नव्हतं.

"टेबल कापा," सुतार म्हणाला.

"भित कापा," हे म्हणाले.

घर कुडाचं होतं, तुराट्यांच्या भिंती आणि वर माती-शेणाचा लेप. एका बाजूची भिंत सोडवली, टेबल आत नेलं आणि मग त्याच्याभोवती भिंत पुन्हा उभी केली. बायको म्हणाली, "आता हे बाहीर कसं काढसान?" तर म्हणाले, "बाहीर काढ्यासाठी नाई आनलं." भोवती सहा खुर्च्या आल्या, सहा जातींच्या. एक शाळेतली मोडकी, दुरुस्त केलेली, एक लिलावातली वेताची, दोन स्टुलं, एक खोकं आणि खिडकीशी सुताराने घडवलेली एकच चांगली खुर्ची. त्या खुर्चीवर ते स्वतः बसत नसत.

त्या खुर्चीची गोष्ट त्यांनी मला एका दुपारच्या सुट्टीत सांगितली. पोरं खेळत होती, आम्ही दोघं लिंबाखाली होतो. शेतावरच्या त्या घरात एक म्हातारी राहायची. तिला ते 'बुढी' म्हणत. पहिल्या दिवशी काम झाल्यावर जेवायची वेळ आली. कैद्याने गोठ्यात जेवायचं असा नियम होता. पण हे गोठ्यातही गेले नाहीत. जन्माची सवय, घराच्या पायरीवर जाऊन बसले, ताट बाहेर येईल म्हणून.

"तं थे बुढी आली न बाहीर," ते म्हणाले. "मले पायरीवर पाह्यलं न घाबरली. तिले वाटलं माहं पोट दुखते, नाई तं ताप आला. मानूस धडधाकट असून पायरीवर कायले बसन? तिले ठाऊकच नाई नं काही! तिनं माह्या कपायाले हात लावला, गुरुजी. ताप पाह्याले. माह्या मायबापाबिगर कोन्या मानसानं माह्या कपायाले हात लावला थो पयला." मग हसून म्हणाले, "मंग दंडाले धरून आत नेलं, न टेबलापाशी बसोलं. तिचा पोरगा रशियात मेला होता, त्याच्या खुर्चीवर. न ताट पुढं करून म्हने, 'इस, इस.' म्हंजे खा, खा. दोन दिसानं शिपाई आला खेकसत, कैद्याले टेबलावर बसोलं म्हनून. तिनं त्याले काय सांगतलं थे मले समजलं नाई, पन थो टोपी काढून निंगून गेला." येताना तिने पोराचं घड्याळही त्यांच्या मनगटावर बांधलं. तेच हे घड्याळ. सारी जर्मनी त्या एका बुढीच्या स्वयंपाकघराएवढी होती, आणि तिच्याबद्दल कोणी वावगं बोललेलं त्यांना खपत नसे.

टेबल आलं तेव्हापासून दर दसऱ्याला ते आम्हा मास्तरांना जेवायला बोलवत. सहा जागा मांडत. आम्ही सात होतो, म्हणून एकाला पुढल्या वर्षी यावं लागेल, अशी काळजी त्यांना पहिल्या वर्षी पडली होती. ती काळजी फुकट गेली. कोणाचा उपास निघाला, कोणाचे पाहुणे आले, मुख्याध्यापकांची कंबर धरली. माझ्या सबबी मला आजही वर्षवार पाठ आहेत: पहिल्या वर्षी पोट बिघडलं, दुसऱ्या वर्षी यवतमाळला जाणं, तिसऱ्या वर्षी आईला बरं नाही, चौथ्या वर्षी पुन्हा पोट. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारत, "पोट बरं हाय नं गुरुजी?" आणि त्यात टोमणा नसे, हे जास्त वाईट होतं. मी जातपात मानत नाही असं मी शाळेच्या स्नेहसंमेलनात टाळ्या घेत सांगितलेलं होतं. मी गेलो असतो तर काय झालं असतं? आई रडली असती, आळीत चार दिवस कुजबूज झाली असती. बस, एवढंच. तेवढंच मला जमत नव्हतं.

एकसष्ट सालचा दसरा जवळ आला. दुपारच्या सुट्टीत मास्तरांच्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो. हे धुतलेली खाकी घालून आले, आणि सगळ्यांना सोडून थेट माझ्यापुढे उभे राहिले. "गुरुजी, या खेपेले तुमी याच. आई चांगल्या हाय, मी पाहून आलो. पोट बी चांगलं हाय, आज डबा पुरा खाल्ला तुमी."

बाकीचे गालात हसले. माझ्याजवळ सबब उरली नव्हती. समोर वर्तमानपत्र पडलं होतं. त्या वर्षी परदेशात एका जर्मन अधिकाऱ्यावर खटला चालला होता, आणि युद्धात जर्मनांनी ज्यू लोकांचं काय केलं ते रोज छापून येत होतं. चोराने सुटायला खिंडार शोधावं तसं मी ते वर्तमानपत्र उचललं. "तू तुझ्या त्या जर्मनांचे पोवाडे गातोस," मी म्हणालो, "त्यांनी काय केलं ते ऐकलंस का कधी?" आणि मी मोठ्याने वाचू लागलो. छावण्या, गाड्या भरून नेलेली माणसं, विषारी वायू, भट्ट्या. मी शिकवतो तसं खणखणीत वाचत होतो. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून.

ते ताठ उभे राहून ऐकत होते. मध्ये फक्त विचारलं, "लेकरं बी?"

"लेकरंही."

"काहून पन? काय केलतं त्याइनं?"

"काही नाही केलं. त्यांची जात वेगळी होती, म्हणून."

हा शब्द माझ्या तोंडून गेला. मी 'वंश' म्हणू शकलो असतो, 'धर्म' म्हणू शकलो असतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "म्हंजे तिथं बी होती," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

त्या दिवशी सुट्टी संपल्याची घंटा तीन मिनिटं उशिरा झाली. मुलं सवयीने आधीच रांगेत येऊन उभी होती आणि घंटेकडे बघत होती. अख्ख्या शाळेला कळलं की काहीतरी बिघडलं. काय ते मला एकट्याला नीट माहीत होतं. या माणसाला जन्मात एकाच परक्या घराने आपल्या पंगतीला घेतलं होतं. ते घर मी पाच मिनिटांत पाडलं, आणि माझ्या घरात तर त्याला जागा नव्हतीच. केलं कशासाठी? तर एक जेवण चुकवायला.

पुढे घंटा पुन्हा वेळेवर होऊ लागली. पण सकाळी भेटेल त्याला ते जर्मनीतला नमस्कार म्हणून 'गूटन मॉर्गन' ठोकत, ते थांबलं. बटाटे लावले नाहीत. भांडीवाला बाजारात "जर्मनचा गंज" म्हणून ओरडे, आणि हे त्याच्यासमोरून मुकाट्याने निघून जात. भांडीवाल्यालाच चुकल्यासारखं झालं, त्याने मला विचारलं, "त्याइची तब्येत बरी नाई काय जी?" दसरा आला, पण त्यांनी पुन्हा कोणालाच विचारलं नाही. खरं सांगायचं तर निमंत्रण बारगळलं म्हणून मला आधी सुटल्यासारखं वाटलं होतं. मग दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा लिंबाखाली त्यांनी मला गाठलं. महिनाभर मनात घोळवलेलं बोलणं असावं.

"गुरुजी, तुमी वाचता, तुमाले समजते. थ्या बुढीले ठाऊक असन काय हे सारं?"

"कसं सांगू?"

"तिनं मले बसोलं होतं नं. थे खोटं नोतं नं, गुरुजी?"

मी काय सांगणार? त्या बुढीची परीक्षा घ्यायला बसणारा मी कोण? मी भलतंच बोलून गेलो. म्हणालो, "रविवारी माझ्याकडे जेवायला ये. बारा वाजता." त्यांनी मान हलवली.

आईला मी सांगितलं. मला वाटलं होतं ती आकांत करेल. तिने तसं काहीच केलं नाही. रविवारी पहाटे उठून तिने पुरण घातलं, कटाची आमटी केली, भजी तळली. ही माझी आई, मनाने वाईट नव्हती. तिचा जीव या जेवणात होता, हे मी पाहत होतो आणि मनात खूश होत होतो. बाराला दोन मिनिटं कमी असताना ते फाटकाशी आले, आणि दोन मिनिटं तिथेच उन्हात उभे राहिले. बाराला आत आले. धुतलेली खाकी, भांग पाडलेला, हातात बायकोने दिलेली पेरूंची पिशवी.

तेव्हा मी ओसरीकडे पाहिलं. आईने त्यांचं पान ओसरीवर मांडलं होतं. पाट, पाण्याचा तांब्या, केळीचं पान, आणि पानाभोवती रांगोळी. चांगली वेलबुट्टीची, सणाला काढतात तशी. माझं पान आत, स्वयंपाकघरात होतं. आई दारात कौतुकाने उभी होती. तिच्या हिशेबी ती पायरीवरून माणसाला ओसरीवर घेऊन आली होती, आणि ते तिच्या आयुष्यातलं सर्वांत लांबचं पाऊल होतं.

त्यांनी पान पाहिलं. रांगोळी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. 'चल आत' हे दोन शब्द माझ्या ओठांवर होते. वाचकहो, ते ओठांवरच राहिले.

"आई, रांगोळी लय सुंदर काढली," ते म्हणाले. पेरूंची पिशवी त्यांनी पायरीवर अलगद ठेवली, आणि मनगटाकडे पाहिलं. "घंटेची येळ झाली, गुरुजी. जातो मी."

"अरे, जेवून तरी जा!" आई म्हणाली. ते नमस्कार करून फाटकाबाहेर पडले. आईने माझ्याकडे वळून विचारलं, "आज रविवार ना रे?"

थोड्या वेळाने शाळेकडून घंटा ऐकू आली. रविवारी, भर दुपारी, रिकाम्या शाळेची घंटा. आईच्या दारात आपल्या तोंडून खोटं गेलं असं होऊ नये, म्हणून तो माणूस खरंच शाळेत गेला होता आणि घंटा देत होता. मी पायांत काही न घालता निघालो. आई हाका मारत राहिली.

ते घंटेखाली स्टुलावर बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. "मला भूक लागली आहे," मी म्हणालो. "तुमच्या घरी काय आहे?"

'तुमच्या' हे त्यांनी ऐकलं. हातोडा खुंटीला लावला. "आलू हाय," म्हणाले. "बजारचे."

वस्तीपर्यंत बारा मिनिटं लागतात असं ते नेहमी सांगत. तेवढीच लागली. घरापाशी आलो, आणि मी, इतकं सगळं मनाशी ठरवून आलेला मी, पायरीपाशी थबकलो. पाय उचलेना. भीती नव्हती, किळस नव्हती, नुसती पिढ्यान् पिढ्यांची सवय होती, आणि ती माझ्या गुडघ्यांत भरली होती. ते आत गेले होते. वळून पाहिलं तर मी बाहेरच. माझ्याकडे पाहता पाहता महिनाभरात पहिल्यांदाच त्यांच्या मिशीखाली हसू आलं.

"काहून गुरुजी," ते म्हणाले, "पोट दुखून राह्यलं काय?"

मला हसू फुटलं आणि रडूही, दोन्ही एकदमच. त्यांनी खाली येऊन माझा दंड धरला, आत नेलं आणि खिडकीशी असलेल्या त्या चांगल्या खुर्चीवर बसवलं. बायकोने भाकर, ठेचा आणि सालीसकट उकडलेले बटाटे मांडले. ती उभीच राहिली, तसं मी म्हटलं, तुम्हीही बसा. ते बसले, तीही बसली, संकोचून, अर्ध्या खुर्चीवर. मी बटाटा उचलला आणि म्हणालो, "ते खोटं नव्हतं. बुढीचं." एवढं तरी मी आता सांगू शकत होतो.

त्यांनी मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली. "इस, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "इस, इस."

त्या टेबलावर मी पुढे पुष्कळदा जेवलो. आळीत कुजबूज झाली, चार दिवस चालली आणि थांबली. ते मात्र माझ्या घरी कधीच जेवले नाहीत. मी पुन्हा बोलावलं नाही, कारण आई होती, आणि आईला दुखवायची किंवा त्यांना ओसरीवर बसवायची, यांतली एकही हिंमत माझ्यात नव्हती. आई गेल्यावर बोलवू, असं मी ठरवून टाकलं होतं. आई अडुसष्टच्या पावसाळ्यात गेली. ते त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गेले होते, शाळा सुटण्याच्या वेळी, घंटा देऊन झाल्यावर. टेबल अजून तिथेच आहे, ते बाहेर निघायचं तर भिंत पाडावी लागेल. त्यांची बायको दसऱ्याला सहा जागा मांडते आणि मी जातो.

आईच्या दिवसांनंतर घर आवरताना ओसरीच्या कोनाड्यात तो कान तुटलेला कप सापडला. त्यांनी शेवटचा ठेवला होता तसाच, पालथा, त्याच जागी. मी तो आत आणला. आता सकाळचा चहा मी त्यातूनच घेतो. कान नसल्यामुळे बोटं भाजतात. पहिल्या दिवशी तर कप हातातून सुटणारच होता. मग मी खिशातून रुमाल काढला, त्याच्या चार घड्या घातल्या, आणि कप नीट धरला.